बासष्ट नावांचा एक हात

श्रावण सरांनी यादी नलूच्या टेबलावर ठेवली तेव्हा यादीवर त्यांच्या अंगठ्याचा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा ठसा उमटला. ठसा नेमका पहिल्या नावावर पडला. पण ते नाव निवडणुकीला तीनदा पडलेल्या गृहस्थांचं होतं, त्यांना डागांची सवय होती.

"बासष्ट लेख हायेत," सर म्हणाले. "बासष्ट लेखक. त्यातले लिहिणारे किती, सांग?"

"किती?"

"एक. तू."

आणि ते हसले. हसताना तोंडातला खर्रा सांभाळायला सर हनुवटी वर करत, त्यामुळे समोरच्याला वाटे, हा माणूस आभाळाकडे पाहून हसतो आहे. तालुक्यात त्यांच्या दूरदृष्टीचा जो बोलबाला होता, तो निम्मा त्या हनुवटीचा होता.

दिग्रसला बाजारओळीत पूनमसिंग आडेची प्रेस आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, जिनिंगवाल्यांची पावतीबुकं आणि साहित्य, असा तिथला माल. नलू भगत अकरा वर्षांपासून तिथं कम्प्युटरवर बसते. तालुक्यातली झाडून सगळी कविता तिच्या बोटांखालून गेलेली. कोणत्या कवीनं कोणाची ओळ कोणत्या साली उचलली, कोणत्या कादंबरीची नायिका तिसऱ्या प्रकरणात गोरी आणि सातव्यात सावळी झाली, हे तिच्या डोक्यात तारीखवार जमा होतं. बोलत मात्र नव्हती. कोणाच्या घरी काय शिजतं हे किराणावाल्याला जसं ठाऊक असतं आणि तरी तो नुसती पुडी बांधतो, तसं तिचं चाले.

तिनं स्वतः बारा गोष्टी लिहिल्या होत्या. जेवणाच्या सुटीत, डबा उघडा ठेवून. त्या घेऊन ती श्रावण सरांकडे गेली, कारण दिग्रसपासून महागावपर्यंतच्या टापूत पुस्तक निघायचं तर ते सरांच्याच हातून निघे. प्रकाशन त्यांचं, साहित्य मंच त्यांचा, प्रस्तावना त्यांची, आणि पुढे पेपरात येणारं परीक्षणही, नाव बदलून, त्यांचंच. सरांनी आठ महिने बाड ठेवून घेतलं आणि मग शब्द दिला: बारा जानेवारीला नलूचं पुस्तक निघेल. बाड परत आलं तेव्हा नलूनं ते उलटून पाहिलं. पहिल्या पानावर खर्र्याचा अंगठा होता, शेवटच्या पानावर होता. मधली एकशे एक्केचाळीस पानं कोरी करकरीत. तिनं ते मनात नोंदवलं आणि जानेवारीकडे पाहून त्या नोंदीवर झाकण ठेवलं.

आता जानेवारीच्या आड हा ग्रंथ आला होता. महागावकडचे संस्थाध्यक्ष सदाशिवराव गावंडे पंचाहत्तर वर्षांचे होत होते. शाळा त्यांची, वसतिगृह त्यांचं, कॉलेज त्यांचं. त्यांचा गौरवग्रंथ काढायचा होता.

"आंधी साहेबाचं, मंग तुह्यं," सर म्हणाले. "ग्रंथ नाही झाला तर जानेवारीबी नाही. समजलं ना बाई?"

बाईला समजलं.

ग्रंथाच्या कामाच्या दोन महिन्यांत सरांनी तिला लेखक होण्याचं शिक्षणही दिलं. रोज दुपारी चारला, प्रेसच्या पायरीवर, प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत घोटत.

"पुस्तकावर बोलाले बोलावलं त पुस्तक वाचू नोको. वाचलं का मत होते. मत झालं का तोंडावर दिसते."

"कोनी साहित्यिक गेला त तेरवीच्या आत लेख आला पाह्यजे. तेरवीनंतर तो मेलेलाच राह्यते, पन तुले कोनी छापत नाही."

"दुखनं आलं त लपवू नोको. सलाईनचा फोटो ग्रूपवर टाक. ज्यानं तुही एक ओळ वाचली नाही, तोबी 'काळजी घ्या ताई' लिहिते. झाला का नाही तो तुहा वाचक?"

"अन् मनातून नाही वाटलं तर?" नलूनं एकदा विचारलं.

"मन?" सरांनी पन्नी झटकली. "मन दुसऱ्या आवृत्तीले काढाचं."

आतून पूनमसिंग ओरडला, "सर, मंग लिहाचं कधी?"

"ते होते मधामधात."

नलू पायरीवरून उठली की हात धुवायची. हाताला काही लागलेलं नसायचं, तरी धुवायची.

लेखांचं काम असं होतं की ज्याच्या नावाचा लेख, त्याला फोन करून 'माहिती' घ्यायची. माहिती म्हणजे काय, ते नलूला पहिल्याच दिवशी कळलं. एक ठेकेदार म्हणाला, "मॅडम, काईबी लिहा. फक्त माह्या नावाआंधी 'प्रगतिशील शेतकरी' टाका." एक मास्तर म्हणाला, "साहेबानं मले लावून देलं, हे नोका लिहू, चौकशी लागन. 'दिशा दिली' लिहा." साहेबांच्या एका साडूनं सांगितलं, "भर पावसात ते आमच्या घरी आलते असं लिहा."

"कोणत्या साली?"

"कोनतंबी टाका. पाऊस काय, दरसाल पडते."

नलूनं लिहिलं. लिहिता लिहिता तिनं कोटा ठरवला. 'दीपस्तंभ' एकवीस जणांना मिळाला, 'वटवृक्ष' सतरा जणांना, 'वरून नारळासारखे कठोर' नऊ जणांना. दोन दीपस्तंभ लागोपाठच्या पानांवर येऊ नयेत, एवढी काळजी ती घ्यायची.

वाईट याचं नव्हतं. वाईट हे होतं की तिला ते जमत होतं. चाळिसाव्या लेखाला ती एका विधवेच्या नावानं लिहीत होती. त्या बाईनं फोनवर फक्त "हो, चांगलेच हायेत साहेब" एवढं सांगितलं होतं. नलूनं त्यावर अडीच पानं उभी केली. पूनमसिंग मागं उभा राहून स्क्रीनवर वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं रुमाल काढला.

"बापरे नलूबाई. तुह्या स्वतःच्या गोष्टीईपेक्षा हे जबर हाये."

तुरीची कोवळी शेंग चघळावी, गोड लागावी, आणि मग हातातल्या उरलेल्या शेंगेत अर्धीच अळी दिसावी, तसं नलूला झालं. उरलेली अर्धी कुठं गेली, हे विचारायला कोणी लागत नाही.

सत्तेचाळिसावं नाव मैनाबाई भगत, माजी स्वयंपाकीण, वसतिगृह, असं होतं.

"सर, ही माह्यी माय हाये."

"मंग? माहीत हाये म्हनून त टाकलं. ग्रंथात सगळ्या समाजाचा मानूस पाह्यजे. साहेबाईनं सोता नाव सांगतलं. त्या काळात तुह्या मायले त्याईनं जातपात न मानता चुलीपाशी बसवलं, लहान गोष्ट हाये का? शीर्षक दे, 'अन्नपूर्णेचा हात'."

"सर, माय भांडे घासे. एकोणीस वर्षं भांडेच घासले तिनं."

सरांनी खिशातून पाकीट काढून एक जुना फोटो टेबलावर ठेवला. चूल होती, चुलीवर मोठं गंज, म्हणजे पातेलं, होतं, आणि शेजारी हातात पळी घेतलेली मैनाबाई. अंगावर हिरवं लुगडं, जरीच्या काठाचं. नलूनं ते लुगडं घरात कधी पाहिलं नव्हतं.

घरी मैनाबाई दारात उन्हाला बसून अंबाडी खुडत होती. नलूनं फोटो तिच्या हातात दिला. मैनाबाईनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि खुदकन हसली.

"हे त तपासनीचं लुगडं होय वो!"

"कोनतं लुगडं?"

"वरून तपासनी ये ना वसतिगृहाची. त्या दिवशी साहेबाच्या घरून हे लुगडं ये. मले नेसवत, चुलीपाशी बसवत, हातात पळी देत. तपासनीवाले पाह्यत अन् म्हनत, वा, वा, येथी काही भेदभाव नाही. फोटो काढत. ते गेले का लुगडं सोड, घडी घाल, वापस."

"अन् तू हालवलं ते वरण?"

"म्हशीले. पोराईचं वरण मांगच्या खोलीत आंधीच शिजून राहे. रांधनारी बाई येगळी होती." मैनाबाईनं अंबाडीची काडी बाजूला टाकली. "पन खरी गंमत त पुढं हाये. तपासनी गेली का म्हनत, पळी बाटली, राखेनं तीनदा घासा. आता घासाचं काम कोनाकडे? माह्याकडे! म्हंजे मीच बाटवली अन् मीच घासून शुद्ध केली. मंग मले सांग नले, माह्या हातानं ते शुद्ध झालीच कशी?"

आणि ती हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली. नलूनं पाणी आणून दिलं.

"चारदा झालं असं. चौथ्या बारीनंतर मले सांगतलं, उद्यापासून येऊ नोको. काहून, ते नाही सांगतलं."

नलूनं लेखाचं सांगितलं. मैनाबाईनं फोटो उलटा करून अंबाडीच्या काड्यांवर ठेवला.

"तुह्या पुस्तकाचं अडून राह्यलं हाये, मले समजते. पन माह्या नावानं खोटं नोको लिहू. लिहाचं असन त झालं ते लिही. नाहीत नाव काढ."

नाव काढलं तर साहेबांनी सांगितलेलं नाव गाळलं म्हणून जानेवारी जाणार होता. खरं लिहिलं तरी जानेवारी जाणार होता. दोन्हीकडून तोटाच असला तर माणूस कधी कधी खर्चाला उदार होतो. नलूनं दुसऱ्या दिवशी डबा न उघडता लेख लिहून काढला. मायच्याच बोलीत, लुगडं, गंज, म्हैस, राख, सगळं. अडीच तासांत झाला. शेवट तिला जरा कोरडा वाटला. अकरा वर्षं साहित्य टाइप करून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की शेवट ओला लागतो. तिनं एक ओळ घातली आणि फाइल बंद केली.

प्रूफं काढून तिनं ती स्वतः सरांच्या हातात दिली. पान एकशे सतरा सगळ्यांत वर ठेवलं होतं.

"सर, हे एकदा वाचून घ्या."

"वाचाचं काय त्यात? तूच लिहिलं ना?" सरांनी पानं मोजली, फोटो मोजले, साहेबांचा फोटो इतरांपेक्षा मोठा आहे ना ते बोटांनी मापून पाहिलं. "मायचा लेख झाला?"

"झाला. तोच म्हनते, वाचा."

"हृदयस्पर्शी असनच. माय हाये." आणि त्यांनी सही केली.

नोव्हेंबरात महागावला मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. मैनाबाई आली नाही. "मी नाही येत बाप्पा," ती म्हणाली, "पुन्हा लुगडं नेसवतीन." नलू मागच्या रांगेत बसली.  ग्रंथ दोन किलोचा झाला होता. मंचावर प्रत्येकानं तो उचलून "वजनदार" असा एकच विनोद केला, सात जणांनी सात वेळा, आणि लोक सातही वेळा हसले. श्रावण सर माइकवर म्हणाले, "मैनाबाई भगतांचा हृदयस्पर्शी लेख वाचताना माझे डोळे पाणावले." टाळ्या पडल्या. नलूनं आजूबाजूला पाहिलं. लोक ग्रंथ उघडत होते, आपलं नाव शोधत होते, आपला फोटो सापडला की तिथं बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवत होते आणि मिटत होते. शेजारी आपलं पान शोधत असायचा.

पाचशे प्रती वाटल्या. नलू वाट पाहत राहिली. आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. कोणी शिवी दिली नाही. कोणी फोन केला नाही. ज्यांच्या नावानं तिनं लिहिलं, त्यांनीही आपापला लेख वाचलेला नव्हता; एकजण तर रस्त्यात भेटून म्हणाला, "माह्या लेखाची फार तारीफ हून राह्यली मॅडम, काय लिहिलं व्हतं मी?" ज्या भीतीनं तिनं दोन रात्री डोळा मिटला नव्हता, ती भीतीसुद्धा कोणी उचलून नेली नाही. पाचशे घरांत खरं जाऊन पडलं होतं आणि त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवला जात होता. भीतीपेक्षा हे किळसवाणं होतं.

जानेवारीची तयारी मात्र सुरू झाली. निमंत्रणपत्रिका नलूनंच लावल्या, स्वतःच्या पुस्तकाच्या. सरांची चार पानी प्रस्तावनाही आली.

आणि डिसेंबराच्या शेवटी फोन आला. "मी सदाशिवराव बोलून राह्यलो. भगतबाईची पोरगी ना तू? ये रविवारी. श्रावणले सांगू नोको."

पुसदला गाडी बदलून ती महागावला उतरली, तिथून ऑटोनं साहेबांच्या घरी. वाटेत तिनं हिशेब मांडून ठेवला होता: पुस्तक गेलं, प्रेसमधली नोकरी गेली, वर मायला दोन शब्द ऐकावे लागणार. साहेब पडवीत उन्हाला बसले होते. मांडीवर ग्रंथ, शेजारी चहा आणि टोस्ट, आणि स्टीलच्या वाटीत पाण्यात दाताची कवळी. तिला पाहिल्यावर त्यांनी कवळी निथळून तोंडात बसवली आणि जिभेनं दाबली. नलूनं नजर दुसरीकडे वळवली.

"बस. पुरं वाचलं," साहेब म्हणाले. "दोनदा. मानसाले सोताबद्दल वाचाचा कंटाळा येत नाही." ग्रंथातून पेन्सिल डोकावत होती. "बासष्टाईचा हात एकच हाये. दहाव्या लेखात समजलं. पेरनारा एकच असला का वावर कोनाचंबी असो, तासं सारखेच दिसते. तुहाच हात ना?"

"हो."

"बरं." त्यांनी पान एकशे सतरा उघडलं आणि पळीचा मजकूर मोठ्यानं वाचला. अडखळत नव्हते. वाचून झाल्यावर नलू ज्याची वाट पाहत होती ते आलं नाही. साहेबांनी टोस्ट चहात बुडवला. "हे खरं हाये. बाकी बुकात मी नाही, पोरी. येथी हाये. पन एक ओळ खोटी हाये."

पेन्सिलीनं त्यांनी ती दाखवली. नलूला वाचायची गरज नव्हती. 'पळी घासताना माह्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहे.'

"मैना रडली नाही," साहेब म्हणाले. "हासली. मी खिडकीतून पाह्यत होतो. राख लावे, घासे अन् हासे. मले पाह्यलं त पदर तोंडाले लावून आखीन हासली. तुवा कायले रडवली तिले?"

नलूचे कान तापले. आठ महिने तिचं बाड ज्यानं उशाला ठेवलं, तो अंगठ्यापलीकडे गेला नव्हता. पाचशे घरांत कोणी पान उलटलं नव्हतं. आणि पेन्सिल हातात घेऊन, दोनदा वाचून, तिची नेमकी खोटी ओळ बाहेर काढणारा तिचा पहिला वाचक हा होता. ओठाला टोस्टचा लगदा लागलेला. आणि त्याचं बरोबर होतं. मायनं खोकला येईपर्यंत हसून सांगितलेलं तिनंच ओलं करून टाकलं होतं. 

"तेवढ्यासाठीच काढलं तिले," साहेब सहज म्हणाले.

"काय?"

"हासली म्हनून. रडली असती त राह्यली असती. रडनाऱ्याले दोन रुपये वाढवून देता येते. हासनाऱ्याचं काय करता?"

मग ते पुढे सरकले. डोळे चमकत होते. "आता ऐक. मले आत्मचरित्र काढाचं हाये. श्रावणच्या हाताले साखर हाये, त्याले नाही जमत. तू लिही. खरं लिही. पळी लिही, लुगडं लिही, म्हशीले टाकलं ते लिही. याच्यापेक्षा वंगाळ हाये माह्यापाशी, सांगतो तुले. पंचाहत्तर झाले, आता माह्यं कोन काय वाकडं करते? लोक म्हनतीन, पाहा, मानूस केवढा प्रांजळ! बक्षीस भेटते अशा बुकाले. तुह्यं पुस्तक मी शाळाशाळाईत लावून देतो. तुले एकच सांगतो पोरी, शिव्या द्याच्या त दे. पन माह्याच पुस्तकात दे."

लेखक कसं व्हावं याबद्दल नलूला मिळालेला हा सगळ्यात उघडा सल्ला होता. श्रावण सरांच्या सगळ्या शिकवणीचं सार त्यात होतं, आणि वर साखर नव्हती.

"त्यात माय हासलेली राहीन?" तिनं विचारलं.

"राहीन त! तेच त पाह्यजे." साहेबांनी तळहातावर मूठ मारली. "तेवढं त जिवंत हाये."

ती मूठ तिनं पाहिली. बाजारात चांगला बैल हेरल्यावर माणूस अशी मारतो.

"नाही जमनार साहेब."

"काहून?"

"माय म्हनते, तुमच्या घरी नेसवलेलं वापस घेते."

साहेब रागावले नाहीत, हे आणखीच वाईट झालं. "वा," ते म्हणाले, "हेबी लिहाचं." आणि पेन्सिल पुढे केली. "बरं, इचार कर. जाताजाता सही त दे लेखावर. हात तुहा हाये."

नलूकडे आजवर कोणी सही मागितली नव्हती. जानेवारीत कोणी मागितली तर 'नलू' लिहायचं की 'नलिनी', याचा विचार तिनं टाइप करता करता कितीदा केला होता.

"लेख मायच्या नावावर हाये," ती म्हणाली. "सही तिची लागन. अन् ते येनार नाही."

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून तिनं आपल्या बारा गोष्टी एकेक करून शेवटाकडून आठवल्या. अकरांच्या शेवटी कोणीतरी रडत होतं. बाराव्या गोष्टीत दिवा विझत होता. पहिल्या गोष्टीची नायिका म्हणजे शेजारची विजयमाला, नवऱ्याला सोडून आली त्या दिवशी सगळ्या गल्लीला जिलेबी वाटणारी बाई. तिला नलूनं उंबऱ्यावर हुंदके द्यायला बसवलं होतं. एकेक खरी बाई तिनं आणली होती, नेसवली होती आणि चुलीपाशी बसवली होती. पुसद येईपर्यंत तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

मैनाबाईला तिनं काढण्याचं कारण सांगितलं. वाटलं, ती पुन्हा हसेल. मैनाबाई हसली नाही. मग म्हणाली, "मले वाटे, चोरीचा आळ असन. तेलाच्या बाटल्या मोजत राहो मी मनात. कोनती कमी पडली असन, कोनती कमी पडली असन. वीस वर्षं मोजत राह्यली मी त्या बाटल्या." आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

सोमवारी चारला सर पायरीवर आले. नलू त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, माह्यं पुस्तक नाही काढाचं."

"अं?" पन्नीतला खर्रा थांबला.

"गोष्टी खोट्या झाल्या. दुरुस्त कराले वर्ष लागन, जास्तबी लागन. आता नाही छापत."

"येडी झाली का तू? पत्रिका छापून झाल्या! प्रस्तावना झाली माह्यी! कोन्त्या गोष्टीत काय खोटं हाये?"

"तुम्ही सांगा ना. तुम्ही प्रस्तावना लिहिली. कोन्ती गोष्ट खरी वाटली तुमाले?"

सरांनी हनुवटी वर केली. आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही लिहिलेलं नव्हतं.

"तुह्यं करिअर संपलं, पोरी," शेवटी ते म्हणाले. "अशा नखऱ्यानं लेखक नाही होत. या टापूत तुले पुन्हा कोनी उभं नाही करनार." ते खरंही होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सरांनी खर्रा तोंडात टाकला, दोनदा चावला, आणि चेहऱ्यावरचा राग हळूहळू हिशेबात बदलला. त्यांनी आत पाहून हाक मारली. "पूनमसिंग! बारा तारखेचा हॉल घेऊन ठेवला हाये. पाहुने सांगून झाले. कोनाचं काही पडलेलं हाये का तुह्यापाशी?"

"साळ्याच्या कविता हायेत," पूनमसिंग आतून म्हणाला. "दोन वर्षांपासून मांगं लागला हाये."

"किती पानं?"

"ऐंशीक."

"भागते. चित्र टाकू." सर उठले, धोतर झटकल्यासारखी पँट झटकली. जाता जाता, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, नलूला म्हणाले, "प्रस्तावना तीच ठेव. नाव बदल फक्त."

म्हणजे ते काम तिच्याकडेच आलं. नलू खुर्चीवर बसली आणि प्रस्तावनेची फाइल उघडली. चार पानं तिनं पहिल्यांदाच सलग वाचली. गोष्ट हा शब्द त्यात कुठं नव्हता, पात्र नव्हतं, प्रसंग नव्हता. माती होती, नाळ होती, उद्याची आशा होती. पूनमसिंगच्या मेव्हण्याला ती अंगरख्यासारखी बसली. 'भगिनी'चं 'बंधू' करावं लागलं, तेवढंच. नाव बदलण्याची कळ तिनं दाबली. चौदा ठिकाणी बदल झाला, असं कम्प्युटरनं सांगितलं.

ती फाइल तिनं पूनमसिंगकडे छपाईला पाठवली. मग स्वतःची पहिली गोष्ट उघडली, खाली शेवटच्या पानावर गेली, आणि उंबऱ्यावर हुंदके देणाऱ्या विजयमालेला तिथून उठवायला सुरुवात केली.